नर्मदेचे वाटे ४५ वर्षांनी रद्द झाले का? आणि गच्चीच्या पाण्याने काय फरक पडतो?

सुदामानगर, इंदूर
नर्मदेचं पाणी चार राज्यांत वाटून देणाऱ्या नर्मदा लवादाच्या निवाड्याला डिसेंबर २०२४ मध्ये ४५ वर्षं झाली. कॉलनीत बोललं जातंय की आता राज्यांचे वाटे रद्द, आणि पाऊस कमी झाला की गुजरातसाठी आपलं पाणी कापणार. खरं काय? शिवाय १००० चौरस फूट गच्चीचं पाणी बोरिंगमध्ये सोडून खरंच काही साधतं का?

नर्मदातीर
वाटे रद्द झालेले नाहीत. निवाडा राजपत्रात आला १२ डिसेंबर १९७९ ला. ४५ वर्षांनंतर काही कलमांचा फेरविचार होऊ शकतो, एवढंच त्यात आहे. आपोआप काही संपत नाही.

लवादाने २८ एमएएफ पाणी गृहीत धरलं: मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५, महाराष्ट्र ०.२५. (१ एमएएफ म्हणजे दहा लाख एकर-फूट, सुमारे १२३ कोटी घनमीटर.) पाणी वाढो की घटो, वाटणी ७३:३६:२:१ अशीच. तुटीच्या वर्षी झळ सगळ्यांना त्याच प्रमाणात.

खरं भांडण पाणी कधी सोडायचं यावरून होतं. सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेशचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७, गुजरातचा १६. नदीपात्रातलं वीजघर चालवलं की पाणी खाली नदीत जातं; धरणात राखलं तर वीज बुडते. २०१९ मध्ये मध्य प्रदेश आणि गुजरातची यावरूनच जुंपली. असे तंटे जिथे जातात त्या नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्यालय इंदुरातच आहे, तरी आपल्याकडे निवाडा वाचलेला माणूस विरळा!

मरुकाठ
राजस्थानच्या अर्ध्या एमएएफकडेही बघा. जालोर-बाडमेरच्या कोरड्या भागात ते २००८ पासून पोचतं, आणि तिथे तुषार सिंचन सक्तीचं आहे. कालवा पाळीने चालतो, तुषार संचाला मात्र सलग दाब लागतो. म्हणून मध्ये ‘डिग्गी’ म्हणजे साठवण टाकी. डिग्गीत गाळ साचला किंवा ऐन वेळी वीज गेली की पाळी वाया जाते. वरच्या टोकाला कुणी थेट कालव्यात पंप टाकला तर शेवटच्या गावाला काहीच उरत नाही. म्हणून पहारा ठेवावा लागतो तो वरच्या टोकाला.

माळवा_बोरिंग
इंदूरला वाट्याइतकाच चढ जड जातो. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किमी पाणी चढवून आणतात. एकूण हेड (पंपाला पाणी चढवावं लागतं ती उंची, नळातलं घर्षण धरून) ५०० मीटर आणि पंप-मोटरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १००० लिटरला जवळपास २ युनिट वीज. तुमच्या गच्चीवर ९३ चौ.मी. × ०.९ मी. पाऊस × ०.८ = साधारण ६७,००० लिटर. म्हणजे हे नुसतं मनाचं समाधान नक्कीच नाही.

पण आधी टाकी भरा, उरलेलं बोरिंगला द्या. काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांतून मुरतं, ते शेजारच्या बोरिंगलाही जाईल. म्हणून सगळ्या गल्लीने मिळून करावं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वेगळ्या व्हॉल्व्हने बाहेर सोडा. बोरिंगआधीच्या गाळणखड्ड्यात खाली दगडगोटे, मध्ये गिट्टी, वर जाड रेती. रेतीखाली नायलॉनची जाळी हवीच, नाहीतर रेती उतरून गिट्टी बुजते. दर मे महिन्यात वरचा दोन इंच थर काढून धुवा. अंगणाचं, गाडी धुतल्याचं पाणी त्यात कधीही जोडू नका: तेल आणि मैला एकदा भेगांत गेला की बाहेर काढता येत नाही. आणि सेप्टिक टँक जवळ असेल तर त्या बोरिंगमध्ये पाणी सोडूच नका.