मदत हवी आहे: लेकराला रात्री अचानक धाप लागली तर दवाखाना गाठेपर्यंत घरी काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. शेती आहे, कापूस, तूर, थोडा हरभरा. मुलगा साडेतीन वर्षांचा. परवा रात्री त्याला अचानक धाप लागली आणि दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. आता तो घरी आहे, खेळतोय, पोटभर जेवतोय. पण सर्दी झाली की असं पुन्हा होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझा प्रश्न त्या पुढच्या वेळेचा आहे. तालुक्याचा दवाखाना लांब, मधला रस्ता उखडलेला, आणि मध्यरात्री गाडी मिळेलच याचा भरवसा नाही. तेवढ्या वेळात आईने काय करायचं, काय मुळीच करायचं नाही आणि घरात काय आणून ठेवायचं, हे जाणकारांनी कृपया सांगावं.

काय झालं ते नीट लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना अंदाज येईल. आदल्या दिवशी नाक गळत होतं, अंग जरासं कोमट. संध्याकाळी खोकला वाढला. आमच्याकडे शेतीची लाईन आळीपाळीने रात्रीची असते, म्हणून हे ओलिताला गेले होते. घरी मी, सासूबाई आणि लेकरू. मध्यरात्रीनंतर तो उठून बसला आणि काही केल्या आडवा होईना. मोबाइलचा उजेड धरून बनियन वर केली, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, गळ्याखालची खोबण आत ओढली जात होती आणि नाकपुड्या फुलत होत्या. श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज. "आई, पाणी" एवढं म्हणायला तो मध्ये थांबला. माझ्या काळजाचं पाणी झालं.

सासूबाई म्हणाल्या, "पोट उडून राह्यलं वं लेकराचं, डब्बा झाला याले." (लेकराला अशी धाप लागली की आमच्याकडे डब्बा म्हणतात.) शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी बिब्बा लावायचं सुचवलं. मी लावू दिला नाही. गावातल्या एकांची पिकअप जिनिंगला न्यायचा कापूस भरून उभी होती. ती तशीच काढली त्यांनी. केबिनमध्ये त्याला मांडीवर ताठ बसवून नेलं. दवाखान्यात सिस्टरने बोटाला चिमटा लावला तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८९. लगेच ऑक्सिजन, मग मास्क लावून मशीनची वाफ, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वाफ, आणि तोंडाने स्टेरॉइडचं औषध. उजाडेपर्यंत शिट्टी कमी झाली आणि त्याने बिस्कीट मागितलं.

आता माझा गोंधळ. कोणी म्हणतं वाफेची मशीन घरीच विकत घ्या. पण रात्री लाईट गेली की मशीन काय कामाची? डॉक्टरांनी पंप (श्वासातून औषध ओढायचा इनहेलर) आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लिहून दिलाय, तर घरचे म्हणतात इतक्या लहानपणी पंप लावला की जन्मभराची सवय लागते. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात आहे, तो याच्या बोटाला चालेल का? आणखी एक. भाव वाढेल म्हणून वेचलेला कापूस आम्ही पुढच्या खोलीत भरून ठेवलाय आणि झोपतोही तिथेच. स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी चुलीवर, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) जाळून. याचा काही संबंध असेल का? मनात आलं ते सगळं विचारते आहे, कारण त्या रात्री विचारायला कोणी नव्हतं.

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ, अकोला)

ताई, तुम्ही मुलाला ताठ बसवून नेलंत आणि बिब्बा लावू दिला नाहीत, दोन्ही फार मोलाचं. बिब्ब्याने लहान मुलांची कातडी भाजते, जखमा चिघळतात आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो तो वेगळाच. तापलेल्या सळईच्या चटक्याचंही तेच.

मुलाला तपासल्याशिवाय पक्कं म्हणत नाही, पण वर्णन सर्दीच्या विषाणूने लागणाऱ्या धापेचं दिसतं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनळ्या मुळातच बारीक. त्यांना आतून सूज आली आणि चिकट कफ साचला, की ठिबकच्या नळीत गाळ बसल्यासारखं होतं: थोडाच गाळ, पण पाणी अडतं. बऱ्याच मुलांचा हा त्रास शाळेत जायच्या वयात कमी होतो. काहींना पुढे बाळदमा राहतो. घरात कोणाला दमा असेल किंवा मुलाला अंगावर खाजेचे चट्टे येत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मशीन की पंप? तुमच्या गावी पंपच. मास्क असलेल्या स्पेसरमधून साल्बुटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) पंप नीट दिला तर अशा धापेत तो मशीनइतकाच काम करतो, आणि त्याला लाईट लागत नाही. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवायचा. फट राहिली तर औषध बाहेर जातं. एकदा दाबायचं आणि मुलाला मास्कमध्येच पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. मग पुन्हा हलवून दुसरा. दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. या वयाला नेहमी १०० मायक्रोग्रॅमचे दोन पफ (फवारे) सांगतात, आणि उतार नसेल तर पहिल्या तासात वीस-वीस मिनिटांनी आणखी दोनदा. पण तुमच्या मुलाचं प्रमाण त्याच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद भिंतीला चिकटवा. घाबरलेल्या माणसाला आठवत काही नाही, वाचता मात्र येतं. पहिल्या दोन पफनंतर धाप तशीच असेल तर गाडीची सोय तेव्हाच सुरू करायची, आणि वाटेतही पंप चालू ठेवायचा.

स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. स्पेसर हरवलाच, तर अर्ध्या लिटरच्या कोरड्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडून अडल्या वेळी काम भागतं.

सवयीबद्दल. पंपाची सवय लागत नाही. त्यातून औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून सिरपपेक्षा कितीतरी कमी लागतं आणि लवकर लागू पडतं. हात थरथरणं, छाती धडधडणं थोडा वेळ होऊ शकतं, त्याने घाबरू नका. उरलेलं स्टेरॉइडचं औषध मात्र मनाने देऊ नका. आणि पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ अजिबात नको. मशीनची वाफ गरम नसते, ती औषधाची धुक्यासारखी फवार असते. पातेलं उलटून भाजलेली मुलं आम्ही दरवर्षी पाहतो.

ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. मोठ्यांचा चिमटा लहान बोटावर नीट बसत नाही, हात हलला की आकडा चुकतो. ९२ च्या खाली दिसला तर निघाच. पण आकडा चांगला दिसतोय आणि छाती आत ओढली जातेय, तर छातीवर विश्वास ठेवा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. ओठ किंवा जीभ निळसर पडणं, बोलता-पिता न येणं, मूल गळून जाणं, सुस्तावणं, यातलं एकही दिसलं तर घरी थांबायचं नाही. सगळ्यात फसवं म्हणजे शिट्टी अचानक बंद होते, पण मूल दमलेलंच दिसतं. ते बरं होणं नव्हे, हवाच आत-बाहेर होत नाहीये.

आणि एक गोष्ट वेगळी ओळखा. सर्दी नाही, खोकला नाही, शेंगदाणे, हरभरा किंवा बोरं खाता खाता एकदम ठसका लागून श्वास अडकला, तर तो दाणा आहे. आवाज काढता येत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत-वर पाच दाब, असं आलटून पालटून. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, दाणा आणखी खाली जातो. ठसका थांबला तरी त्याच दिवशी दाखवा. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून फोटो चांगला आला तरी ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना सांगायचीच.

प्रतिसाद (आर्वीकडची एक आई)

बाई, माह्या पोरीलेही असंच होत होतं. डॉक्टरनं सांगतल्यावर आमी पह्यले कापूस हलवला. कोठ्यात जागा केली, ताडपत्री टाकली, आन् पोरीची खाट मधल्या खोलीत नेली. घरातल्या कापसानं मोठ्या माणसाच्या अंगालेही खाज सुटते, त्या धुळीत लेकरू कसं निजन? पऱ्हाटीचा धूर, मच्छरची अगरबत्ती, तूर काढाची मशीन, या तीन गोष्टींपासून तिले दूर ठेवतो. सर्दी पडसं होतेच, पण पह्यल्यासारखी धाप नाही लागत.

१०८ चं सांगते. फोन केला का गाव, तालुका आन् जवळची खूण इचारते. आमच्या गावाच्या नावाची दोन गावं हायेत, म्हणून फाट्यावरच्या मंदिराचं नाव सांगा लागते. फोन चालू ठेवाचा, आन् एका पोराले बॅटरी घेऊन फाट्यावर उभं कराचं, म्हणजे गाडी गल्ल्या धुंडत नाही बसत. अँब्युलन्स दूर असन तर वाट पाहत बसाचं का घरची गाडी काढाची, हे घरच्यांनी दिवसा बसून ठरवा. रात्री त्याच्यावर भांडणं होते.

प्रतिसाद (आरोग्य सेविका)

ताईंनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पंप-स्पेसर कसा द्यायचा हे घरातल्या निदान दोन माणसांना आलं पाहिजे. आजीला नक्की शिकवा, कारण रात्री घरी त्याच असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंसमोर एकदा करून दाखवा, मास्कची फट तिथेच कळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा खर्चाच्या धाकाने उशीर करू नका. अंगणवाडीत मुलांच्या तपासणीसाठी वर्षातून दोनदा पथक येतं, त्यांना डिस्चार्जचा कागद दाखवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं यांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "मले दाखव कसा दाबाचा थो." आज बाहुलीच्या तोंडाला मास्क लावून आम्ही सराव केला. लेकरानेही स्वतः धरून पाहिला, त्यामुळे आता तो मास्कला भीत नाही. कापूस उद्या हलवतोय. पिकअपवाल्या भाऊंचा आणि आणखी एका गाडीवाल्यांचा नंबर भिंतीवर लिहिला. डॉक्टर, एकच राहिलं. तो अंगणवाडीत जातो तेव्हा पंप त्याच्यासोबत रोज पाठवायचा, की तिथे वेगळा ठेवायचा?

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ, अकोला)

जमत असेल तर वेगळा ठेवा, स्पेसरसकट. रोज ने-आण करताना नेमका हवा त्या दिवशी तो घरी राहतो. सोबत त्याचं नाव, किती पफ द्यायचे आणि तुमचे फोन नंबर लिहिलेला कागद द्या, आणि पंपावरची मुदत पाहून घ्या. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर आधी दोन-तीन फवारे हवेत सोडायला अंगणवाडीच्या ताईंना सांगा, नाहीतर पहिल्या दाबात औषध पूर्ण येत नाही.