हसवतो आणि मग अंगावर येतो: 'द हेटफुल एट' पाहिलेल्यांनो, आपापले अनुभव लिहा

शिरीषफूल
भाच्याने सकाळी एक रील पाठवलं. बर्फातून जाणारी घोडागाडी आणि मागे 'बसून' (bassoon) या फुंकवाद्याचा तो खर्जातला घुमणारा सूर. "मामा, हे म्युझिक कशातलं?" 'द हेटफुल एट'मधलं, संगीतकार एन्निओ मोरिकोने, असं कळवून टाकलं आणि मग दिवसभर तीच धून डोक्यात. म्हणून धागा काढतोय.

क्वेंटिन टॅरंटिनोचा हा २०१५चा वेस्टर्न. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून काही वर्षं झालेली, वायोमिंगमध्ये हिमवादळ, वाटेवरचा मिनीचा मुक्कामाचा अड्डा आणि आत अडकलेली माणसं. इनामासाठी गुन्हेगार पकडणारा जॉन रूथ (कर्ट रसेल) डेझी डोमर्ग्यूला स्वतःच्या मनगटाशी बेडीने बांधून फाशीसाठी रेड रॉक गावाला नेतोय. आतलं कोणीतरी खोटं बोलतंय. गोष्ट एवढीच, पण पावणेतीन तासांच्या वर चालते.

लोक याला रक्तपाताचा पिक्चर म्हणतात ते मला पटत नाही. रक्त भरपूर आहे, पण डोळ्यांदेखत पहिला खून पडेपर्यंत अर्धा पिक्चर संपलेला असतो. तोपर्यंत नुसत्या गप्पा, आणि त्या गप्पा हसवतात. माझ्यासाठी सगळा पिक्चर लिंकनच्या पत्रात आहे. मेजर वॉरन (सॅम्युएल जॅक्सन) कृष्णवर्णीय, उत्तरेकडून लढलेला. खिशात अब्राहम लिंकनने त्याला लिहिलेलं पत्र. ते वाचून रूथसारख्या रांगड्या गड्याचे डोळे पाणावतात. नंतर जेवताना कळतं की पत्र बनावट आहे. रूथचं तोंड बघून मी मोठ्याने हसलो. त्यावर वॉरन जे सांगतो त्याचा मतलब असा, की गोऱ्यांच्या हातातलं शस्त्र खाली आलं तरच माझ्यासारखा सुरक्षित. या पत्राने मला तुझ्या गाडीत जागा मिळवून दिली. माझं हसू तिथेच थांबलं.

तुम्ही कुठे हसलात? कोणत्या सीनला उठून गेलात? सगळं लिहा.

कुकरची_शिट्टी
नवऱ्याने लावला होता, मी येऊन जाऊन. नेमकी ताट घेऊन बसले आणि कॉफी पिऊन रक्ताच्या उलट्यांचा सीन!! ताट तसंच आत नेऊन ठेवलं. पण ते दार! कडी तुटलेली, म्हणून प्रत्येक वेळी फळ्या ठोकायच्या, आणि नवीन कोणी आलं की सगळे मिळून त्याच्यावर ओरडणार. सासूबाईंना इंग्रजी कळत नाही तरी दर वेळी हसत होत्या. कणीक मळायचीय, नंतर येते.

अवखळ_वारा
अहो धाग्यावर स्पॉयलर असं लिहा ना आधी. वीकेंडला बघणार होतो.

शिरीषफूल
@अवखळ_वारा, तुमचं बरोबर आहे, लिहायला हवं होतं. पण खरं रहस्य अजून कोणी फोडलेलं नाही, निर्धास्त बघा.

डेन्व्हरची_मावशी
आम्ही इथे ७० एमएमवाल्या रोड शोला (मोजक्या थिएटरांतले खास खेळ) पाहिला होता, नाताळच्या सुट्टीत. आत जाताना छापील पुस्तिका देत होते. आधी पडद्यावर नुसतं चित्र आणि मोरिकोनेचं संगीत, मग पिक्चर, आणि मध्ये चक्क इंटर्व्हल! आम्हा मंडळींना त्यात काय नवल, पण शेजारचे अमेरिकन आजोबा लहान मुलासारखे खूश. मध्यंतर कुठे येतं आठवतंय ना? अड्डा सांभाळणारा बॉब पियानोवर 'सायलेंट नाइट' वाजवत असतो, वॉरन तिथल्या म्हाताऱ्या जनरलला त्याच्याच मुलाची ती भयंकर गोष्ट ऐकवून डिवचतो, आणि ठो! लगेच दिवे. बाहेर रांगेत कोणी बोलतच नव्हतं. परत आत गेलो तर टॅरंटिनो स्वतःच्या आवाजात सांगतो, मधे पंधराएक मिनिटं गेली आहेत. अख्खं थिएटर हसलं. एवढं बघून झाल्यावर हसतोय याचंच मला नवल वाटलं.

बाहेरचं शूटिंग आमच्या कोलोरॅडोतल्या टेल्यूराइडजवळ झालंय. ऑक्टोबरनंतर तिकडे गाडी घालताना घरातले अजून म्हणतात, दोन फळ्या घेतल्यास का :)

सहा_तारा
गिटारबद्दल कोणीच नाही लिहिलं?? डेझी गाणं म्हणते आणि रूथ तिच्या हातातली गिटार हिसकावून खांबावर आपटतो. ती खरीच १८७०च्या दशकातली मार्टिन कंपनीची गिटार होती, त्यांच्या संग्रहालयातून आणलेली. फोडायला नकली गिटार तयार होती. बदली करायच्या आधीच रसेलने खरी फोडली, त्याला माहीतच नव्हतं. डेझी झालेली जेनिफर जेसन ली किंचाळते तो अभिनय नाही, तिला माहीत होतं. संग्रहालयाने त्यानंतर सिनेमाला गिटार देणंच बंद केलं. हे वाचल्यापासून मी तो सीन पुढे ढकलतो, बघवत नाही.

अवनी_सातारा
माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही मैत्रिणी मिळून गेलो होतो. पहिल्या काही मिनिटांतच रूथ डेझीच्या तोंडावर कोपर मारतो आणि मागच्या रांगेतली पोरं खिदळली. पुन्हा मार, पुन्हा हशा. ती खुनी असेल, मान्य. पण त्या हशात मला बसवेना. मध्यंतरात निघून आले. पुढचं कधी पाहिलंच नाही. लीचं काम जबरदस्त आहे, एवढं मात्र म्हणेन, ऑस्कर नामांकन उगाच नव्हतं.

शिरीषफूल
@अवनी, तुम्ही उठलात ते मला समजतं. माझं मत तरी सांगतो. दिग्दर्शक तो हशा मुद्दाम काढतो. सुरुवातीला ती मार खाऊन डोळा मारते, जीभ काढते, म्हणून आपण हसतो. शेवटापर्यंत तिचा चेहरा रक्ताने माखत जातो आणि हसणाऱ्यांची संख्या कमी होत जाते. हसणं आणि क्रूरपणा एकाच घरात राहतात हे त्याला दाखवायचंय असं मला वाटतं. पण शेवट जसा लांबवलाय तो मलाही जास्त वाटला. फाशीचा तो शॉट निम्म्यावर थांबवायला हवा होता.

अवनी_सातारा
दाखवायचंय हे ठीक. पण हसणारे सगळे घरी जाऊन विचार करतात का? मागच्या रांगेतले तरी नाही.

पिटातला_प्रेक्षक
आमची वेस्टर्नची गोडी मॅकेन्नाज गोल्डपासूनची. तो बाबांनी दाखवला. मग पुण्यात राहुल टॉकीजला जे इंग्रजी लागेल ते. सत्तर एमएम म्हटलं की शोले आठवतो, पण तो पस्तीसवर चित्रित करून मोठा केला होता. हा पिक्चर अल्ट्रा पॅनाव्हिजनमध्ये, खऱ्या रुंद फिल्मवर काढलाय, आणि एवढा रुंद पडदा घेऊन माणूस कथा सांगतो एका खोलीतली! रॉबर्ट रिचर्डसनचा कॅमेरा. पुढे कोणी बोलत असतं तेव्हा मागे कोपऱ्यात कोण काय करतोय ते बघत राहायचं. मोबाइलवर पाहणाऱ्यांनी कृपया पुन्हा पाहावा.

आणि मोरिकोने! सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्न पिक्चरांमुळे जगाला माहीत झालेला माणूस, २००७ला मानाचं ऑस्कर मिळालं, पण स्पर्धेतलं पहिलं याच पिक्चरसाठी, २०१६ला, वयाच्या ८७व्या वर्षी. टाळ्या वाजवत मी घरात एकटा उभा राहिलो होतो. २०२०च्या जुलैत गेला तेव्हा दिवसभर त्याच्याच धुना लावल्या.

कुकरची_शिट्टी
आले परत. अवनी +१००. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो मागच्या रांगेतला तो नव्हता :)

जायफळ
धागा वाचून कॉफी प्यावीशी वाटली यात माझं काही चुकतंय का? आमच्याकडे जायफळ घालून दुधाची कॉफी करतात.

डेन्व्हरची_मावशी
@जायफळ, किती घालता? माझी नेहमी कडू होते.

जायफळ
अगदी किसणीवर दोनदा फिरवायचं, गॅस बंद केल्यावर. उकळलं की कडूच होणार.

रात्रपाळी
सगळं वाचलं नाही, ड्यूटीवर आहे. फक्त त्या पत्राबद्दल. शेवटी मॅनिक्स, म्हणजे दक्षिणेच्या बाजूचा, वॉरनला कायम हिणवणारा, रक्तात पडलेला असताना तेच खोटं पत्र मोठ्याने वाचतो आणि त्यातल्या एका बारीक तपशिलाची तारीफ करतो. सगळ्यांना ठाऊक आहे की खोटं आहे. तरी ते ऐकताना मला वाटलं की असं पत्र खरंच कोणीतरी लिहायला हवं होतं. मी तिथे हसलो नाही, @शिरीषफूल. मला रडू आलं.

अवखळ_वारा
झालं. आता शेवटही कळला. तरी बघणार.