मदत हवी आहे: ओदावाराच्या उइरो घराण्याबद्दल जपानी येणारं कोणी आहे का?

जपानमधल्या जुन्या औषधवाल्या घराण्यांवर लेख लिहितेय आणि ओदावारा शहरातल्या उइरो कुटुंबापाशी अडकलेय. मूळ पुरुष 14व्या शतकात चीनमधून आला, मग क्योतो, मग 1504 मध्ये एक शाखा ओदावाराला तिथल्या होजो सरदारांकडे, आणि त्यांच्या औषधाच्या बारीक चंदेरी गोळ्या अजूनही तिथल्या दुकानातच विकतात, म्हणजे पंचवीस पिढ्या एकच धंदा!! 1718 चं काबुकीतलं (जपानी पारंपरिक नाटक) ते औषध विकणाऱ्याचं लांबलचक भाषण पण सापडलं (जपानी निवेदक आजही त्यावर जीभ वळवायचा सराव करतात, ऐकाच एकदा).

घोळ मधल्या काळाचा आहे. 1590 ला हिदेयोशीने (जपान एकत्र करणारा सेनानी) ओदावारा घेतलं, होजो संपले, पण आश्रयदाता गेला तरी दुकान कसं काय राहिलं? इंग्रजीत शोधलं की सगळं त्याच नावाच्या मिठाईबद्दल येतं, जपानी पानं ट्रान्सलेटरमध्ये टाकली तर नावांची पार खिचडी होते. दुकानाच्या म्युझियमला जाणं जमणार नाही, मी पुण्यात आहे. गोळ्या मागवायच्या नाहीयेत, डोस वगैरे पण नकोय.

तर 1590 नंतर या घराण्याला कोणी आणि कुठल्या अटींवर राहू दिलं, हे ओदावाराच्या शहर-इतिहासात किंवा दुसऱ्या कुठल्या जपानी पुस्तकात मिळेल, कोणी सांगू शकेल का?