अनुभव धागा: जुनी स्पोर्ट्स कार, घरचं गॅरेज आणि नेमक्या मॅन्युअलचा शोध

तेरावी गल्ली, राजारामपुरी

मंडळी, कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा सगळे टाचा उंचावून बघतात. ती गाडी चालती ठेवणाऱ्या हातांचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. माझ्याकडे मामांकडून आलेली ट्रायम्फ स्पिटफायर आहे, मार्क थ्री, १२९६ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. सहा वर्षं झाली, तिचं बहुतेक काम मी घरीच करतो.

हा धागा काढायचं कारण एक अपघात. कावळा नाक्याला वळताना पुढचं डावं चाक आत मुडपलं आणि गाडी तिथंच बसली. वेग नव्हता म्हणून निभावलं. या गाडीत पुढच्या चाकाच्या उभ्या दांड्याला खालच्या टोकाला आटे असतात. ते ब्राँझच्या ट्रनिअनमध्ये (आतून आटे असलेल्या वाटीत) बसतात आणि स्टिअरिंग फिरवलं की त्याच आट्यांवर दांडा फिरतो. तिथं ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं, ९० नंबरचं. ग्रीस घट्ट होऊन बसतं, सगळ्या आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, आतून गंज चढतो आणि दांडा आट्यांपाशी तुटतो. आम्ही तोवर ग्रीसच भरत होतो, बाकी गाड्यांना भरतो तसं. निप्पल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) दिसलं की ग्रीस, हाच हिशेब.

मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट दिलेलं आहे. माझ्याकडे तेव्हा मॅन्युअल नव्हतं, होतं ते ओनर्स हँडबुक. हवा किती, बल्ब कुठला, एवढ्यापुरतं. दोन्ही एकच असं मी धरून चाललो होतो.

पुढं मुंबईत फोर्टच्या पदपथावर स्टँडर्ड हेराल्डचं जुनं मॅन्युअल मिळालं. मद्रासला बनायची तीच हेराल्ड. स्पिटफायरची चेसी हेराल्डवरूनच घेतलेली, त्यामुळं पुढच्या सस्पेन्शनचं सगळं प्रकरण कामी आलं. इंजिनाचं नाही, कारण आपल्याकडची हेराल्ड ९४८ सीसीची. ज्यांच्याकडे इंग्लंडची गाडी आहे त्यांनी तिच्या भारतातल्या बहिणीचं पुस्तक आधी शोधावं, ते रद्दीतही सापडू शकतं.

तुमचं सांगा. कुठलं पुस्तक, कुठं मिळालं, कुठं अडलं. छोटं असलं तरी लिहा.

उद्यमनगरचा टर्नर

नमस्कार. वय ७१. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढली, जास्त करून ऑइल इंजिनची कामं. गाडी माझी नाही, पण अनुभव माझा आहे, म्हणून लिहितो.

एका गिऱ्हाइकानं एमजी टीसीचं इंजिन आणलं. १२५० सीसी, युद्धानंतरच्या काळातली गाडी. ब्लॉकमधल्या एका भोकाचे आटे गेलेले. बोल्टाच्या डोक्याला व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश इंची मापाचा) पाना बरोब्बर बसत होता, म्हणून मी आटे बीएसएफ, म्हणजे बारीक ब्रिटिश इंची धरले. टॅप (आटे पाडायचं हत्यार) घातला, दोन आटे गेला आणि हाताला वेगळंच लागलं. बीड पोखरत चाललंय हे हाताला कळतं. थांबलो. पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावला तर मिलिमीटरचे आटे! ब्रिटिश इंजिनात मिलिमीटर कुठनं आला, रात्रभर डोक्यात तेच.

गिऱ्हाइकाकडं मॅन्युअलची झेरॉक्स होती, ती मागवून घेतली. त्या इंजिनाची गोष्टच तशी आहे. मॉरिसनं १९२३ साली कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस कंपनीचा इंजिन कारखाना घेतला. हॉचकिस फ्रेंच, यंत्रं सगळी मिलिमीटरची. यंत्रं बदलण्यापेक्षा आटे तसेच ठेवले, आणि इंग्लंडातल्या मिस्त्र्याकडं पाने व्हिटवर्थचे म्हणून बोल्टाचं डोकं त्या मापाचं केलं. ती रीत पुढं टीसीच्या इंजिनापर्यंत आली. ते भोक मी पुढं मोठं करून बुश घालून नीट केलं, पण नुसती ती दोन पानं आधी वाचली असती तर हे काम वाढलंच नसतं.

आता जुनी गाडी दारात आली की आधी विचारतो, पुस्तक आहे का? नसंल तर एकेक बोल्ट गेजवर. आणि पान्यांचं बघा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना लागतो असं वाटतं, पण ढिला बसतो आणि डोकं गोल करतो. इंची पाने जुन्या बाजारात अजून मिळतात, घेऊन ठेवा.

पेन्सिल रंग

दादांची (माझे वडील) एमजीबी, १९६५ ची. वायरिंगचं काम माझ्याकडं आलं कारण इलेक्ट्रिकल शाखेला मी आहे.

पुस्तक आमच्याकडं होतं, चांगलं बांधलेलं, स्वच्छ. त्यातल्या आकृतीप्रमाणं मी बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडायला निघाले. दादा म्हणाले, “थांब, जुनी केबल बघ की आधी.” बॉडीला लावलेल्या केबलच्या टोकाला अधिकचं चिन्ह होतं. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीची अधिक बाजू बॉडीला! १९६७ मधल्या बदलापर्यंतच्या एमजीबी सगळ्या तशाच. आमचं पुस्तक बदलानंतरच्या गाडीचं निघालं, त्यात डायनामोच्या जागी आल्टरनेटर आहे. गाडी तीच, नाव तेच, मुखपृष्ठावरचा फोटो तोच. कुठल्या चेसी नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत, हे आतल्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं आणि आम्ही कुणीच ते वाचलं नव्हतं.

मग बरोबर सालाची आकृती मिळवली, मोठ्या कागदावर झेरॉक्स काढली आणि रंगीत पेन्सिलींनी एकेक वायर रंगवत बसले. दोन रविवार गेले. लुकासचे (गाडीचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) रंग एकदा डोक्यात बसले की फार सोपं होतं. तपकिरी म्हणजे फ्यूजशिवाय कायम चालू, जांभळी म्हणजे कायम चालू पण फ्यूजमधून. पांढरी किल्ली फिरवल्यावर, हिरवी तीच फ्यूजनंतर. लाल पार्किंगच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची. काळी म्हणजे अर्थ. सत्तावन्न वर्षांत कुणी कुणी घातलेल्या भलत्या रंगाच्या वायरी आपोआप उघड्या पडल्या. एक पिवळी वायर तर कुठूनच कुठं जात नव्हती.

तो रंगवलेला कागद लॅमिनेट करून गॅरेजच्या दारामागं लावलाय.

गंगावेश

पीडीएफपासून जपा. माझ्या स्कॅनमध्ये टॉर्कच्या (बोल्ट किती जोरानं आवळायचा त्याच्या) तक्त्याची उजवी कड कापली गेलेली. आकडा दिसत होता, एकक नाही. इंच-पौंडाचा आकडा फूट-पौंड समजून आवळला, म्हणजे बारा पट. स्टड तुटला. एकक दिसत नसेल तर आवळू नका, दुसरी प्रत शोधा.

बावडेकर, सध्या कॉव्हेन्ट्री

कसबा बावड्याचा, नोकरीनिमित्त इथं. ट्रायम्फ ज्या गावात बनली तिथंच राहतो, त्यामुळं पुस्तकांच्या बाबतीत माझं नशीब चांगलं आहे. इथं जुन्या सुट्या भागांचे बाजार भरतात, मैदानात टेबलं मांडून, आणि एखाद्या टेबलाखाली खोक्यात मॅन्युअलं असतात. मी नेहमी तेलाच्या बोटांची प्रत घेतो. कोऱ्या प्रतीत फक्त छापलेलं असतं, वापरलेल्या प्रतीत आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या नोंदी असतात. माझ्या प्रतीत ओव्हरड्राइव्हच्या (गिअरबॉक्सला जोडलेल्या जादा गिअरच्या) पानावर कुणीतरी लिहिलंय की हा बोल्ट आधी सैल कर, नाहीतर हात जाणार नाही. त्या एका ओळीनं माझी दुपार वाचली.

नवख्यांसाठी थोडं सविस्तर, कारण इथं तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं चालतात. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल डीलरच्या मिस्त्र्यांसाठी लिहिलेलं असतं. मापं, टॉर्क, खास हत्यारांचे नंबर सगळं नेमकं, पण हात कसा घालायचा हे मिस्त्र्याला माहीत आहे असं गृहीत धरलेलं. हेन्स प्रकाशनाचं मॅन्युअल घरी काम करणाऱ्यासाठी. पहिलं १९६६ साली निघालं, ऑस्टिन-हीली स्प्राइटचं. गाडी खरोखर उकलून, फोटो काढत लिहायची त्यांची पद्धत. त्यात सोडवणं मन लावून सांगितलेलं असतं आणि जोडताना “उलट क्रमानं बसवा” एवढंच येतं. तिथं पार्ट्स कॅटलॉग लागतो. त्यात प्रत्येक भाग सुटा करून ओळीनं काढलेला असतो, कुठला वॉशर कुठल्या बाजूला हे चित्रातच कळतं. मला एकच घ्यायला सांगितलं तर मी कॅटलॉग घेईन, पण हेन्सवाले मित्र यावर माझ्याशी भांडतात.

आपली गाडी नक्की कुठल्या मांडणीची हेच कळत नसेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडं जुन्या कारखान्यांच्या नोंदी आहेत. चेसी नंबर देऊन, शुल्क भरून दाखला मिळतो. भारतातून मागवता येतो!

शिरोली

माझी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. जुनी म्हणायची का माहीत नाही, पण आता दुर्मीळ नक्कीच. इंजिनासाठी रेनोच्या छोट्या गाड्यांचं मॅन्युअल चालतं. बाकी गाडीचं पुस्तक मीच लिहितोय, दोनशे पानी वहीत. काही खोललं की आधी फोटो, मग सुतळीनं चिठ्ठी बांधायची, मग वहीत तारीख, किलोमीटर, काय निघालं, कशाचं माप किती. दरवाजाच्या बिजागरीवरच चार पानं झालीत. मुलगी बारावीला आहे, चित्रं ती काढते.

तेरावी गल्ली, राजारामपुरी

शिरोली, वहीची ती चार पानं बघायला आवडतील. पेन्सिल रंग, माझ्या स्पिटफायरची आकृती अजून काळी-पांढरीच आहे, तुमच्यासारखीच मोठी झेरॉक्स उद्या काढतो.

टर्नरकाका, एक विचारायचं राहिलं. तुटलेल्या दांड्याची जोडी अजून ठेवली आहे. डावीकडचे आटे उलटे आहेत की काय असं आता वाटतंय, दोन्ही बाजूंचे तुकडे शेजारी ठेवले तर सरळ सारखे दिसत नाहीत.

उद्यमनगरचा टर्नर

एक बाजू उजव्या आट्यांची, एक डाव्या आट्यांची असणार. नवीन मागवताना बाजू लिहून द्या, नाहीतर दोन्ही एकाच अंगाची येतील. तुकडे आणि ते हेराल्डचं पुस्तक घेऊन शनिवारी सकाळी या, दहाच्या आत. मला ते पान बघायचंय.