ऑडिटवाल्यांच्या परिषदा पुण्या-मुंबईत, काटा मात्र सोलापुरात: आपला अभ्यासवर्ग हवा की नको?

हिशेबी सोलापूरकर
तंत्रज्ञान आणि अनुपालनावर (म्हणजे कायदे-नियम पाळण्यावर) अंतर्गत लेखापरीक्षकांच्या, संस्थेसाठीच तिचे व्यवहार तपासणाऱ्यांच्या, संशोधन परिषदा भरतात. आपले लोक हुतात्मा एक्स्प्रेस पकडून जातात, सीपीईचे, म्हणजे व्यवसायात सक्तीच्या चालू शिक्षणाचे, तास पदरात पाडून परततात. तिथे निबंध ब्लॉकचेनवर, इथे काम साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. माझं मत, असा अभ्यासवर्ग सोलापुरातच भरावा आणि त्यात इथल्याच नोंदी उघडून बसावं.

काट्याचं सॉफ्टवेअर वजन आपोआप उचलतं, पण हाताने आकडा टाकायची वाट उघडी असेल तर सगळं तिथेच संपलं. त्या हातनोंदींची यादी कोण मागतं? कुठल्या पाळीत, कुणाच्या लॉगिनने? रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला किलोपर्यंत तेवढंच कसं? काटामारीची ओरड दर हंगामात होते, हा अभ्यास कोणी करत नाही.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
काटा ठीक आहे. पण अनुपालन कुणाचं, मालक? हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे कुठली नोंद कधी बदलली याची खूण, चालू ठेवायची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून आली, ती कंपन्यांना. अंतर्गत लेखापरीक्षक नेमायला लावणारं कंपनी कायद्याचं कलम १३८ खाजगी कंपनीला लागतं ते उलाढाल २०० कोटी झाली किंवा बँकांचं कर्ज १०० कोटींवर गेलं तर. आमच्याकडे निम्म्या पेढ्या भागीदारीच्या. मुनीम मागची तारीख टाकतो, त्याला कुठला कायदा विचारतो? हॉलचं भाडं आणि जेवणावळ, एवढंच होईल.

नागरी बँकवाला
तुम्हाला लागत नाही, आम्हाला लागतं. ५०० कोटी आणि त्यावर मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांना जोखीमआधारित (जिथे धोका जास्त तिथे तपासणी जास्त) अंतर्गत लेखापरीक्षण करायला रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्येच सांगितलं. पीएमसी बँक आठवा, २०१९. एका बिल्डर समूहाचं थकलेलं कर्ज झाकायला २१ हजारांवर बनावट खाती दाखवली. ती कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत, नव्हतीच, रिझर्व्ह बँकेला तपासणीसाठी दिलेल्या यादीत होती. दोन्ही फायली संगणकावर जुळवणं हे शिकायला नको?

रोखठोक
काय बोलायलाव राव! दोन याद्या जुळवायला संशोधन लागतं? पोरगंसुद्धा एक्सेलमध्ये करेल. अडचण वेगळी आहे. अंतर्गत लेखापरीक्षकाला नेमतं संचालक मंडळ, अहवाल जातो त्याच मंडळापुढे, पुढच्या वर्षी ठेवायचं की काढायचं तेही तेच ठरवतात. परिषदेतून कणा मिळत नाही.

हिशेबी सोलापूरकर
कण्याचं मान्य. पण ‘नियंत्रण समाधानकारक नाही’ हे वाक्य मंडळ पाच मिनिटांत गुंडाळतं. लॉगिन, वेळ आणि वजनासकट हातनोंदींची चार पानं इतिवृत्ताला जोडली की गुंडाळणं जड जातं. शिवाय वैधानिक लेखापरीक्षक, म्हणजे कायद्याने नेमावा लागणारा बाहेरचा तपासनीस, तीच पानं मागू शकतो. टॉवेलवाल्यांना एवढंच, मुनिमाच्या मागच्या तारखेने सरकारचं जाईल तेव्हा जाईल, आधी भागीदाराचंच जातं.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
भागीदाराचं जातं, हे खरं. तरी ब्लॉकचेनवर भाषण ठेवलंत तर मी उठून जाणार.

नागरी बँकवाला
काय ते दसऱ्याआधी उरका. गाळप सुरू झालं की काट्यावर तुम्हाला उभंसुद्धा करणार नाहीत.