अनुभव धागा : हौशी गोल्फ – तुमचा खेळ नेमका कशाने सुधारला?

मराठीत गोल्फबद्दल बोलणं होतं ते बहुतेक ऑलिंपिकच्या वेळी. २०२१ मध्ये टोकियोत अदिती अशोक चौथी आली त्या पहाटे माझ्या ओळखीतले कितीतरी जण टीव्हीसमोर होते. पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकमध्ये खेळला. पण हा धागा आठवडाभर नोकरी-घर सांभाळून शनिवारी उजाडताना पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभे राहणाऱ्यांसाठी आहे.

शिकवणी, सराव, नवे क्लब (खेळायच्या स्टिक), जुन्यांची दुरुस्ती, व्यायाम, यांतलं तुम्ही काय केलंत? आणि स्कोअर, म्हणजे एकूण फटके, खरोखर कशाने उतरला? ब्रँडपेक्षा शाफ्ट (क्लबचा दांडा), लॉफ्ट (बॉलला लागणाऱ्या बाजूचा, म्हणजे फेसचा, मागचा कल), लांबी, जमीन, हवा यांबद्दल लिहिलंत तर दुसऱ्याला जास्त उपयोग होईल. सुरुवात मी करते.

कॉलेजात मी बॅडमिंटन खेळायचे, उंची पाच फूट सात. गोल्फ सुरू केला तेव्हा दुकानदाराने सरळ ‘लेडीज सेट’ पुढे केला. हलके, इंचभर आखूड क्लब आणि अगदी मऊ शाफ्ट. बॉल उंच जायचा आणि डावीकडे वळायचा. शिक्षक मनगटं सुधारायला सांगायचे, मी सुधारायचे, बॉल तरी डावीकडेच. पुढे फिटिंग (मोजमाप करून क्लब जुळवणं) करून घेतलं तेव्हा ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारायच्या क्लबचा) वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास निघाला. त्या वेगाला पुरुषांचा रेग्युलर (मध्यम कडक) शाफ्ट लागतो. आता माझ्या बॅगेत पुरुषांच्या लांबीचे ग्राफाइट शाफ्ट आहेत, फक्त ग्रिप बारीक आहे, कारण हात लहान आहे. बायकांना क्लब विकताना बाईचा वेग कुणी मोजत नाही, हे मला आजही खटकतं. मैत्रिणींनो, आधी वेग मोजून घ्या आणि मगच पैसे काढा.

लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) तपासायला मशीनही लागत नाही. बॉलवर मार्करने एक उभी रेघ काढायची, ती मागच्या बाजूला ठेवून आयर्न (नंबर असलेला लोखंडी क्लब) मारायचं. फेसवर उमटलेली रेघ उभी असेल तर क्लब तुमच्या मापाचा. ती कलती उमटली तर क्लबचा कोन तुम्हाला जुळत नाही. कोन जास्त उभा असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे जातो, जास्त आडवा असेल तर उजवीकडे.

पण स्कोअर खरा उतरला तो वहीमुळे. प्रत्येक फटका कुठून मारला आणि कुठे गेला, एवढंच लिहीत गेले. मला वाटायचं मी पटिंगमध्ये (होलजवळ बॉल जमिनीवरून लोटताना) हरते. वही सांगत होती की ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) मारलेले माझे आयर्न कायम अलीकडे पडतात. अपुरा क्लब घ्यायचे मी. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांचे लाखो फटके तपासून दाखवलं की चांगल्या आणि साधारण खेळाडूंतल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश वाटा १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांत असतो. माझी वही त्यांच्याच बाजूने बोलते.

खारघर

ताई, तुमचं आयर्नचं पटलं, पण माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितो.

मी चेंबूरचा. वडील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबला कॅडी होते, सुट्टीत मीही बॅगा उचलायचो. आमच्या वस्तीत पोरं लोखंडी सळई वाकवून स्टिक करतात, बॉल प्लास्टिकचा, आणि गल्लीत जागा मिळेल तिथे होल. दोन्हीकडे घरं, वर वायरी, खाली गटार. पूर्ण स्विंग करायला जागाच नाही. मग पोरगं शिकतं काय, तर बॉल किती उचलायचा, कुठे टप्पा पाडायचा आणि टप्प्यानंतर किती पळू द्यायचा. आमच्यातले काही पुढे खरोखर चांगले खेळाडू झाले. दिल्लीचा अली शेर कॅडीच होता, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला तो. आमच्या घरी त्याचं नाव मोठ्या मानाने घ्यायचे.

आता मी नोकरी करतो आणि खारघरला सिडकोच्या कोर्सवर खेळतो. क्लबचं सभासदत्व नसलं तरी पैसे भरून तिथे खेळता येतं, आमच्यासारख्यांना ही फार मोठी सोय आहे. लांब मारणारे साहेब लोक रोज बघतो. दोन फटक्यांत ग्रीनच्या कडेला येतात आणि तिथून चार घालवतात. माझा दुसरा फटका ग्रीनला क्वचितच बसतो, पण चिप (ग्रीनजवळून उचललेला छोटा फटका) आणि एक पट, झालं.

वेज (छोट्या, उंच फटक्यांचा क्लब) घेताना लोक लॉफ्ट बघतात, ५६ अंश की ६०. बाऊन्स कुणी विचारत नाही. बाऊन्स म्हणजे वेजच्या तळाचा फुगवटा, अंशात मोजतात. पावसाळ्यात जमीन लोण्यासारखी मऊ असते, तिथे बारा-चौदा अंश बाऊन्स पाहिजे, नाहीतर धार जमिनीत रुतते. मे महिन्यात तीच जमीन फरशीवाणी कडक होते. तिथे जास्त बाऊन्सचा वेज उसळतो, धार बॉलच्या पोटात बसते आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). माझ्याकडे ५६ चेच दोन वेज आहेत, दोन्ही जुने घेतलेले, एक सहा अंशाचा, एक चौदाचा. मोसम बघून बॅगेत टाकतो. या एका गोष्टीने माझे जितके फटके वाचले तितके नव्या ड्रायव्हरने वाचले नसते.

सराव असा : टॉवेलची घडी पाच-सात पावलांवर ठेवायची आणि बॉल त्यावर टाकायचा. होलकडे बघायचंच नाही. तोच बॉल तीन वेगळ्या क्लबांनी टाकायचा, मग कुठला किती पळतो ते आपोआप कळतं. आणि टूथब्रशने वेजच्या खाचा साफ ठेवा. मातीने भरलेल्या खाचा बॉल पकडत नाहीत.

पुणे, फौजेतून निवृत्त

आमचं शिक्षण छावणीतल्या कोर्सवर झालं. तेव्हा ग्रीन नव्हते, ब्राऊन होते. वाळूत जळकं तेल मिसळून दाबलेला गोल. पटच्या आधी बॉलपासून होलपर्यंत पाटा ओढून रेघ साफ करायची आणि त्या रेघेवर ठोकायचं. उतार नाही, वळण नाही, फक्त जोर. पुण्यात गवताच्या ग्रीनवर आलो तेव्हा पटिंग पहिल्यापासून शिकावं लागलं. कॅडी म्हणायचा, “साहेब, दोन कप उजवीकडे,” म्हणजे होलच्या दुप्पट रुंदीइतकं, आणि माझा हात सरळच जायचा.

त्यावर एकच उपाय लागू पडला. राउंडआधी दहा मिनिटं फक्त लांबचे पट, तीस-चाळीस फुटांचे, आणि होलच्या ऐवजी ग्रीनच्या कडेपर्यंत. कडेला बॉल थांबवायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्या दिवशीचा ग्रीन किती पळतोय ते हाताला कळतं. तीन पट लागणं जवळजवळ बंद झालं. जवळचे पट चुकतात म्हणून जीव जाळणाऱ्यांना एक सांगतो : पीजीए टूरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांचे) खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात.

वय झालं, बोटांचे सांधे धरले. ग्रिप जाड करून घेतल्या, मूठ कमी आवळावी लागते आणि दुखणं निम्म्यावर आलं. तीन, चार, पाच नंबरची आयर्न काढून हायब्रिड (लांब आयर्नपेक्षा मारायला सोपे क्लब) घेतले. टी एक टप्पा पुढे घेतला. यात कमीपणा अजिबात नाही, पुढच्या टीला वेगळं रेटिंग (अवघडपणाचा आकडा) असतं आणि हॅंडिकॅपचा (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) हिशेब त्या रेटिंगवरूनच होतो. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे : शेवटच्या २० स्कोअरांपैकी उत्तम ८ ची सरासरी. त्यामुळे एखादा वाईट दिवस मनाला लावून घेऊ नये, तो त्या आठांत येतच नाही.

ॲबर्डीन, स्कॉटलंड

इथे आलो तेव्हा माझा सगळा खेळ हवेतला होता. उंच आयर्न, ग्रीनवर पडून थांबणारा बॉल. उत्तर समुद्राच्या वाऱ्याने तो खेळ एका हिवाळ्यात मोडून काढला. इथले म्हातारे लोक एक गोष्ट सांगतात आणि ती शंभर टक्के खरी आहे : वाऱ्यात जोर लावू नका. जोराने मारला की बॉलची उलटी फिरकी वाढते, फिरकीने तो वर चढतो आणि वारा त्याला गिळतो. दीडशे यार्डांना सात नंबर पुरत असेल तर पाच घ्यायचा (नंबर लहान तितका बॉल लांब जातो), थोडा आखूड पकडायचा, बॉल उजव्या पायाकडे ठेवायचा, पाऊण स्विंग, आणि शेवटी हात छातीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. ग्रीनबाहेर वीस यार्डांवरूनही पटर वापरतो. कडक, बारीक कापलेल्या लिंक्सच्या (समुद्रकाठच्या कोर्सच्या) जमिनीवर साधारण पट हा चांगल्या चिपपेक्षा जवळ थांबतो. (खारघरकरांच्या हाताला हे लागू नाही, ते त्यांनी करूच नये!)

साहित्यात मी उलट्या दिशेने गेलो. नियमाने १४ क्लब चालतात, मी हिवाळ्यात सात नेतो. ड्रायव्हर नाही. पाच नंबरने तीन वेगवेगळी अंतरं मारायला लागल्यावर स्विंगवरचा ताबा कितीतरी वाढला. पैसे मात्र वॉटरप्रूफ कपड्यांवर आणि पावसाच्या हातमोज्यांवर खर्च करा. ते ओले झाल्यावर जास्त घट्ट पकडतात. मुंबईच्या जुलैतही चामडी हातमोज्यापेक्षा तेच बरे पडतील.

इथल्या मातीत या खेळाच्या किती जुन्या गोष्टी आहेत! हरवलेला बॉल पाच मिनिटंच शोधायचा हा नियम ॲबर्डीनच्या गोल्फरांनी १७८३ मध्ये केला. २०१९ मध्ये तो तीन मिनिटांवर आला. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो, गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) फिरतात. इतर दिवशी दोन दिवस आधी सोडत निघते, तीत नाव लागलं की तुम्ही-आम्हीही खेळू शकतो. मला नाव लागलं तेव्हा पहिल्यांदा आईला फोन केला.

सॅन डिएगो

मला आकड्यांनी वाचवलं. स्लाइस होता, केळीसारखा उजवीकडे वळणारा. स्लाइसवाला माणूस साहजिकच डावीकडे तोंड करून उभा राहतो, आणि जितका डावीकडे उभा राहतो तितका स्लाइस वाढतो. असं का, ते लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) समजलं. बॉल सुटतो तो मुख्यतः फेस ज्या दिशेला असेल तिकडे, आणि वळतो तो फेस व स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकाने. मार्ग डावीकडे, फेस त्या मानाने उघडा (उजवीकडे वळलेला), की झाला स्लाइस. डावीकडे उभं राहून आपण मार्ग आणखी डावीकडे नेतो.

उपाय दोन केले. डाव्या हाताची पकड थोडी उजवीकडे फिरवली, वरून पाहताना बोटांच्या दोन-तीन गाठी दिसायला हव्यात. आणि बॉलच्या पलीकडे व थोडं मागे हेडकव्हर (क्लबच्या डोक्याचं टोपडं) ठेवून त्याला न लागता मारायचा सराव केला. फेसवर पायाच्या पावडरचा स्प्रे मारून ठसा बघितला, तर बॉल फेसच्या टाचेकडे (शाफ्टजवळच्या टोकाला) लागत होता. ड्रायव्हरवर टाचेचा फटकाही बॉल उजवीकडे वळवतो, त्यामुळे अर्धा आजार तिथलाच होता. बॉलपासून दोन बोटं लांब उभा राहिलो. (स्प्रे फक्त सरावात. राउंडमध्ये फेसला काही लावणं नियमाबाहेर आहे.) नवा ड्रायव्हर नंतर घेतला, ९ अंशांऐवजी १०.५. लॉफ्ट वाढला की बाजूची फिरकी कमी जाणवते.

टॉरी पाइन्स इथे महापालिकेचा कोर्स आहे. गोल्फची यूएस ओपन जिथे दोनदा झाली तिथे शहरातला कुणीही सवलतीच्या दरात खेळू शकतो. पुण्या-नागपुरात असं काही झालं तर किती मुलं खेळतील!

नागपूर

मी डावखुरी आहे, कॉलेजात शिकते. प्रश्नच जास्त आहेत, अनुभव थोडा. डावऱ्या हाताचा जुना सेट मिळत नाही आणि नवा परवडत नाही. सुरुवातीला सगळे म्हणाले, उजव्या हाताने शीक. मी दीक्षा डागरकडे बघून नाही म्हटलं. ती डावखुरी आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, वडिलांकडून शिकली आणि २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लेडीज युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली. माझ्याकडे सध्या एक सात नंबर, एक वेज आणि पटर आहे. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर उभं राहवत नाही, म्हणून दुपारी घरात सतरंजीवर पटिंग करते. दोन नाणी पटरच्या रुंदीपेक्षा जरा जास्त अंतरावर ठेवायची आणि मधून पटर न्यायचा. बॉल कुठला घ्यावा? महागाचा खरंच वेगळा असतो का?

धागाकर्ती

वेगळा असतो, पण ग्रीनजवळ. महागाच्या बॉलला युरेथेनचं आवरण असतं, वेजला चिकटतो आणि लवकर थांबतो. स्वस्त बॉलचं आवरण कडक आयनोमरचं, तो टप्प्यानंतर पळतो. ड्रायव्हरवर तुला फारसा फरक दिसणार नाही. एक प्रकार ठरव आणि तोच खेळ, म्हणजे चिपचं अंतर बसेल.

खारघर

तळ्यातून काढलेले बॉल कॅडींकडे निम्म्याहून कमी भावात मिळतात. फार दिवस पाण्यात राहिलेला नको, त्याची चकाकी गेलेली असते. चकचकीत बघून घे.

पुणे, फौजेतून निवृत्त

नागपूरच्या मुलीसाठी : बेटा, छावण्यांच्या कोर्सवर अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात आणि जाताना सेट विकले जातात. कॅडी-मास्टरला सांगून ठेव, डावरा सेट निघाला तर आधी तुला कळवेल. पूर्ण सेटसाठी थांबू नकोस. तीन क्लबांना जोड म्हणून आधी पाच नंबरचा हायब्रिड शोध, टीवरूनही चालतो आणि रफमधूनही (उंच गवतातूनही) निघतो. शाफ्टवर ‘सीनियर’ लिहिलेलं असेल तर घेण्याआधी रेंजवर दहा-बारा बॉल मारून बघ, तुझ्या वयाच्या वेगाला तो मऊ पडू शकतो. लांबी जास्त वाटली तर अर्धा इंच कापून नवी ग्रिप बसवता येते, पण आखूड क्लब वाढवत बसू नये.