फॅमिली रूममधला मसाला डोसा परत हवा का?

शहापूरकर
शाळा सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीला, असं वर्षातनं दोनदा बाबा आम्हाला हॉटेलात न्यायचे. बेळगावात गणपत गल्लीत खरेदी झाली की थेट तिकडं. जिना चढून वर फॅमिली रूम, फळ्यांचे कप्पे, पुढं पडदा. सप्लायर आम्हाला मराठीत यादी सांगायचा आणि शेजारच्या कप्प्यात तीच कानडीत. आम्हा तिघा भावंडांत दोन मसाला डोसे, आईबाबांना बाय टू कॉफी, म्हणजे एकच कॉफी दोघांत. आजीसाठी कुंद्याचा, म्हणजे दूध आटवून केलेल्या इथल्या मिठाईचा, पुडा बांधून घ्यायचा. आता मोबाइलवरनं डबे येतात, जो तो आपल्या खोलीत खातो. एकामागून एक ही छोटी हॉटेलं बंद पडतायत, आणि माझ्या मते हे आपल्या गावाचं मोठं नुकसान आहे.

खानापूरची लेक
तो पडदा कशाला होता, याचा विचार केलाय का कधी? बाहेरच्या हॉलमध्ये सगळे पुरुष. बाईमाणूस तिथं बसलं तर लोक वळून बघायचे. माझी आई पन्नाशीपर्यंत घरच्या पुरुषाशिवाय हॉटेलची पायरी चढली नव्हती. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली. तेव्हापासून ती जावांना घेऊन बेळगावला येते, बाजार करते, हॉलमध्ये खिडकीजवळ बसून स्वतः ऑर्डर देते, आणि बिलही तीच देते. मला जुनं काही परत नको.

निपाणीकडचा
मी तुमच्या आठवणीतला टेबल पुसणारा पोरगा. निपाणीजवळ हायवेच्या एका हॉटेलात दोन वर्षं काढली, वय अकरा-बारा. आई घरी बिड्या वळायची. सोड्याच्या पाण्यानं बोटांच्या बेचक्या फुटायच्या. माझ्याच वयाची पोरं नवे बूट घालून आईबापाबरोबर यायची, त्यांच्या ताटल्या मी उचलायचो. चौदाच्या आतल्या पोरांना हॉटेल-धाब्यात ठेवायला बंदी आली १० ऑक्टोबर २००६ ला. तोवर मी मोठा झालो होतो.

शहापूरकर
@निपाणीकडचा, दादा, वाचून गप्प बसलो. आमच्याही हॉटेलात असा एक पोरगा होता. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. पडद्याचंही ताई म्हणतात ते मान्य. पण एक सांगू द्या. बाबांचं काम सुटलं त्या वर्षी मालकांनी आम्हाला परत पाठवलं नाही, वहीत लिहून ठेवलं आणि चार महिने विषय काढला नाही. ही ओळख मोबाइलवर कुठनं आणायची? माझी मुलं रोज बाहेरचं खातात, पण कुणाच्या हातचं खातात ते त्यांना माहीत नाही. मला त्याचंच वाईट वाटतं.

टिळकवाडी
आमचं हॉटेल होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शटर ओढलं ते परत वर गेलं नाही. सगळ्यांना वाटतं गिऱ्हाईक तुटलं. गिऱ्हाईक होतं की! पहाटे चारला उठून भट्टी पेटवायला माणूस उरला नव्हता. आचारी थकले, आणि मी व भाऊ नोकरीला लागलेलो, आम्हाला ते करायचं नव्हतं. वहीतली उधारी बाबांनी सोडून दिली, हे शहापूरकर म्हणतात तसंच. पण चटणीचे नारळ रोज आई खवायची, तीस वर्षं. त्या फॅमिली रूममध्ये बसून तिनं एकदाही डोसा खाल्ला नाही.